कोकणातलं घर एजंटशिवाय विकलं, त्याची हकिकत

दापोली-गुहागर पट्ट्यातलं आमचं गावचं घर भोवतालच्या 21 गुंठ्यांसकट डिसेंबर 2025 मध्ये विकलं. मध्ये एजंट नव्हता. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या कचेऱ्यांचा उल्लेख येईल तिथल्या माणसांना उगाच त्रास नको. बाकी सगळं जसं झालं तसं लिहिते. आमच्यासारखी अर्धवट बंद घरं गावोगाव आहेत आणि 'एजंटशिवाय कोकणात व्यवहार होतच नाहीत' असं प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं.

विकायचं ठरलं ते 2024 च्या गणपतीत. आमच्याकडे मोठे निर्णय तेव्हाच होतात, कारण ठाणे, डोंबिवली, नाशिक सगळे एका पंगतीला तेवढेच चार दिवस असतात. 2020 च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळात अर्धी कौलं आणि आगरातल्या बऱ्याच पोफळी गेल्या होत्या. त्यानंतर दर पावसाळ्याआधी शाकारणीचा खर्च, आणि वर्षाकाठी राहणं जेमतेम पंधरा दिवस. आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत पडण्यापेक्षा कोणीतरी त्यात राहिलेलं बरं." त्यावर कोणी काही बोललं नाही आणि विषय ठरला.

एजंट आधी आलेच. एकाने ओटीवर बसून चहा घेतला आणि म्हणाला, "तुम्हाला हातात किती पडायला हवेत तेवढं सांगा, वरचं आमचं आम्ही बघतो." हे 'वरचं' किती, ते आपल्याला कधीच कळत नाही, आणि आपल्याच घराला दुसऱ्याने खरा भाव किती दिला हेही कळत नाही. दुसरा रीतसर होता, दोन्हीकडून दोन-दोन टक्के म्हणाला, पण कागद आधी 'क्लिअर' करून आणा म्हणाला. तिथे माझ्या लक्षात आलं की कष्टाचं काम तर हा आमच्याकडेच ठेवतोय. मग गिऱ्हाईकही आपणच बघू.

तर कागद. सातबारा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफारही (मालकी बदलाच्या नोंदी) बऱ्याच तालुक्यांत ऑनलाइन मिळतात. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं. ते 1994 साली गेले, बाबा 2016 मध्ये. शिवाय इतर हक्कात गावच्या विकास सोसायटीचा 1800 रुपयांचा बोजा होता. कर्ज आजोबांनीच फेडलेलं, पण कागदावर ते जिवंत होतं.

वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर केला. मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं. आजोबांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात शोधावी लागली, तिथल्या शिपायाने ती काढून दिली. अर्ज गेला की तलाठी (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहितात, बोलताना सगळे तलाठीच म्हणतात) नोंद धरतात, नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर आपला फेरफार कुठे अडकलाय ते घरबसल्या दिसतं. रोज फोन करून तलाठ्यांना पिडण्यापेक्षा ते बघत जा. आमची नोंद ऑक्टोबरात धरली, जानेवारीच्या अखेरीस मंजूर झाली. मधे निवडणूक होती, त्यामुळे सगळा महसूल विभाग तिकडे. बोजा त्यामानाने पटकन उतरला. सोसायटीच्या सचिवांनी जुनी खतावणी काढली, निरंक दाखला दिला आणि तोच तलाठ्यांकडे लावला.

वारसांत आत्याचं नाव येणार हे मला माहीत होतं. आजोबा 1956 च्या वारसा कायद्यानंतर गेले, त्यामुळे मुलगी म्हणून तिचा हक्क आहेच. भावाचं म्हणणं, आत्याकडून हक्कसोडपत्र घेऊ, मुद्रांक तर 500 रुपयांचाच. (ऑक्टोबर 2024 च्या आधी तो 200 होता.) आत्या 84 वर्षांची, नाशिकला मुलाकडे असते. मी तिच्याकडे गेले, तेव्हा ती दुपारची ताकाला फोडणी देत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "हक्क मी सोडणार नाही. विकणार. तुम्ही विकताय ना, मग मीपण विकते. तुमच्या आजोबांनी मला सातवीनंतर शाळेतून काढलं, तेव्हा काही विचारलं नव्हतं."

माझा आतेभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, कानकोंडा झाला. मला मात्र बरं वाटलं. हक्कसोड भावनेच्या भरात लिहून घ्यायचं आणि नंतर घराघरांत बोलणी बंद व्हायची, हे गावात डझनभर बघितलंय. आत्या विक्रेती म्हणून दस्तात आली आणि तिच्या वाट्याची रक्कम थेट तिच्या खात्यात जाईल हे तिथेच, ताक पिताना, ठरलं. तिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून नाशिकमध्येच दुय्यम निबंधकांसमोर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र केलं, तेही मुलाच्या नावे. वकिलांनी तसंच सांगितलं होतं. मोबदला न घेता जवळच्या रक्ताच्या नात्यात विक्रीचं मुखत्यारपत्र दिलं तर मुद्रांक 500 रुपये. त्रयस्थाला दिलं तर विक्रीइतका मुद्रांक पडतो. 'पॉवर माझ्या नावावर करा, बाकी मी बघतो' म्हणणाऱ्या एजंटांच्या बाबतीत हे आवर्जून लक्षात ठेवा.

भाव ठरवायला मी एक गोष्ट केली, जी कोणीही करू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये गाव आणि गट क्रमांक घातला की त्या जमिनीच्या नोंदलेल्या दस्तांचा सूची क्रमांक 2, म्हणजे दस्ताचा गोषवारा, दिसतो. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही असतं. आसपासचे गट क्रमांक घालत दोन-तीन संध्याकाळी घालवल्या. पारावर ऐकलेल्या आकड्यांत आणि कागदावरच्या आकड्यांत तफावत भरपूर होती. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी खरं असणार हे धरून चाललो. त्याच संकेतस्थळावर रेडीरेकनरचे, म्हणजे वार्षिक मूल्यदराचे तक्ते आहेत. त्या दराने येणारी किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं विक्रीची किंमत म्हणून रेडीरेकनरच धरतं. आम्ही 42 लाख मागायचे आणि 38 च्या खाली उतरायचं नाही असं ठरवलं.

जाहिरात मार्चमध्ये, शिमगा झाल्यावर टाकली. फाटकावर बोर्ड, गावच्या आणि चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, फेसबुकवर एक पोस्ट. फोटो भावाने काढले. ओटी, माजघर, विहीर, मागची पाखाडी, आणि गळकी न्हाणीसुद्धा. न्हाणीचा फोटो टाकल्यामुळे बघायला येणाऱ्यांपैकी 'हे फोटोत नव्हतं' म्हणणारा कोणी भेटला नाही. सुरुवातीचे फोन जवळजवळ सगळे एजंटांचेच. त्यांना 'पार्टी घेऊन या, पण आमच्याकडून काही मिळणार नाही' असं सांगायचं, निम्मे तिथेच गळतात.

खरी गाळणी दुसरीच होती. आमचं घर गावठाणाबाहेर, उताऱ्यावर जमीन शेतीची. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पुण्याचं एक डॉक्टर जोडपं आलं. बाई ओटीवर बसल्या त्या उठेचनात, नवरा विहिरीत वाकून पाणी बघत होता. भावही मान्य होता. पण दोघांच्याही नावावर कुठे शेती नाही. आठवड्याने त्यांचा फोन आला की कोणीतरी शेतकरी दाखला 'करून देतो' म्हणतंय, चालेल का. मी नाही म्हटलं. उद्या तो दाखला खोटा ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते आणि तोवर माझ्या दस्तावर माझी सही असते. तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायला लागले: "तुमच्या किंवा घरात कोणाच्या नावावर सातबारा आहे का?" त्याने वेळ फार वाचला.

दुसरा प्रश्न रोखीचा. 'तीस चेकने, बाकी रोख' म्हणणारे बरेच. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि घेणारे आपण. मला कोणी हे समजावून सांगायची गरज नव्हती. ठाण्यात मी हिशेब तपासायचंच काम करते.

मे महिन्यात, आंब्याच्या दिवसांत, साताऱ्याकडचे एक काका-काकू आले. ऊस शेती, मुलगा नोकरीला बाहेर, त्यांना निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहायचं होतं. काकांनी घर बघायच्या आधी विहीर बघितली, मग गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) चालत चारी बाजू फिरून आले. काकूंनी विचारलं, "पालखी घरी येते का?" आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ओटीवर येते, खणानारळाने ओटी भरतात. मी म्हटलं, येते. "मग पुढेही यायला हवी," त्या म्हणाल्या. आईने त्याच क्षणी मनात घर विकून टाकलं होतं. आम्ही 40 लाखांवर थांबलो. 2 लाखांचा विसार चेकने घेतला, वकिलांसमोर 500 रुपयांच्या मुद्रांकावर लिहून. त्यात एक अट त्यांनी घातली: मोजणी करून द्यायची. रास्त होती.

मोजणीचा अर्ज मी मार्चमध्येच केलेला होता. डिसेंबर 2024 पासून मोजणीचे प्रकार दोनच उरलेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरांपर्यंत नियमितला 2 हजार, द्रुतगतीला 8 हजार. आम्ही नियमित भरली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली. आता 2025 चा तो मे आठवा. 25 मेला पाऊस कोकणात उतरला, जूनची वाट न बघता. भूकरमापक फोनवर म्हणाले, "मॅडम, पाऊस थांबल्याशिवाय नाही." आगरात गुडघाभर रान उगवलं, आणि कोकणात एकदा रान माजलं की हद्दीचा दगड देवालाही सापडत नाही. तारीख पुढे गेली ती थेट दिवाळीनंतर. काका-काकूंना हे सगळं खरं खरं सांगितलं. त्यांनी विसार परत मागितला असता तर दिला असता. ते म्हणाले, "ऊस अठरा महिने थांबतो, हे काय."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोजणी झाली. आदल्या दिवशी गड्यांकडून हद्दीवरचं रान तोडून घेतलं, त्याचे 3 हजार गेले आणि ते सगळ्यात उपयोगी पैसे ठरले. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, तरी मी प्रत्येकाच्या घरी जाऊन तारीख सांगून आले होते. भूकरमापक उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन आले. तीन बाजू जमल्या. उत्तरेचा गडगा मात्र आमच्या हद्दीच्या आत निघाला, आणि शेजाऱ्यांचं एक हापूसचं कलम आमच्या जागेत. शेजारी काका कलमाला हात लावून उभे. वय सत्तरीचं, बाबांचे वर्गमित्र. मी खरेदीदार काकांकडे बघितलं, तर ते कलमाचा बुंधा बघत होते. "हे कधी लावलं?" त्यांनी विचारलं. "एकोणनव्वदला." "मग त्याला आता कशाला हलवायचं. गडगा आहे तिथे राहू दे, नकाशात खूण खरी पडू दे." झालं. नकाशात हद्द खरी दाखवली, दस्तात कलमाचा उल्लेख आला. एजंट असता तर त्याने इथे काय केलं असतं, मला कल्पना करवत नाही. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दींचा अधिकृत नकाशा, तीनेक आठवड्यांनी मिळाली.

दरम्यान खरेदीदारांच्या वकिलांनी मागच्या 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध) काढला आणि पेपरात जाहीर नोटीस दिली. नोटिशीला एक हरकत आली, वरच्या वाडीतल्या कुटुंबाची. त्यांची पाण्याची वाट आमच्या आगराच्या कडेने विहिरीवर जाते. "ताई, ह्या वाटेवरनं माझा आजा गेला, बाप गेला. उद्या नवा माणूस फाटक लावेल, मग आम्ही कुठनं जायचं?" प्रश्न बरोबर होता. ती वाट कुठल्याच कागदावर नव्हती. खरेदीखतात तिचं माप घालून वहिवाट लिहिली, विहिरीच्या पाण्याचा हक्क लिहिला, हरकतदारांनी हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं. खर्च शून्य, फक्त मसुदा पुन्हा टाइप झाला. जुनं घर विकणार असाल तर सर्च रिपोर्टच्या आधी तुमच्या जागेतून कोण कोण ये-जा करतं ते नीट बघून घ्या.

मसुदा आमच्या वकिलांनी केला, क्षेत्र आणि चतुःसीमा मी स्वतः क प्रतीवरून पडताळल्या. अशा दस्तांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप इत्यादी तदंगभूत वस्तूंसह' असं लिहिलेलं असतं. आई ते ऐकून म्हणाली, "निधी सापडला तर कळवा म्हणावं." देव्हाऱ्यातले टाक, पाटा-वरवंटा आणि बाबांचा झोपाळा वगळल्याचं मात्र वेगळं लिहून घेतलं. झोपाळा तरुत धरायचा की काष्ठात, यावर वाद नको.

नोंदणीचा दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला. पब्लिक डेटा एंट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन भरणं) आदल्या दिवशी घरूनच भरली होती. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीदाराने ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावर भरली. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. काकूंच्या नावावर घेऊन मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळेल का, हे त्यांनी विचारून पाहिलं होतं. ती राहत्या घराला आहे, शेतजमिनीला नाही, म्हणून तो नाद सोडला. निबंधक कार्यालयात सर्व्हर सकाळी बंद, जेवणानंतर सुरू. जाताना पाणी, काहीतरी खायला, सगळ्यांची मूळ आधार-पॅन कार्डं, मुखत्यारपत्राची मूळ प्रत आणि ओळख पटवणारी दोन माणसं न्यायचीच. आईचा अंगठ्याचा ठसा यंत्राला उमटेना. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं. शेवटी ऑपरेटर मुलीने तिला हात कोमट पाण्याने धुवायला सांगितलं आणि मग तो उमटला. रक्कम चार डिमांड ड्राफ्टांनी, प्रत्येक विक्रेत्याच्या नावे वेगवेगळी. ड्राफ्ट हातात घेऊन, नंबर दस्तातल्या नंबरशी ताडून, मगच सह्या केल्या.

आमच्या बाजूचा खर्च असा: वकील 30 हजार, मोजणी 2 हजार, साफसफाई 3 हजार, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्रं आणि नकला मिळून 5 हजारांच्या आत. प्रवास वेगळा. रीतसर एजंटाचे 2 टक्के 80 हजार झाले असते, आणि यातला बहुतेक खर्च त्यावर होताच.

कराचं थोडं. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराला 1 टक्का टीडीएस कापावा लागतो. आमची आत होती. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, पण घर आणि त्याच्या वापरातली जागा धरतात, म्हणून दस्तातच दोन्हींची किंमत वेगळी दाखवली. 2001 च्या आधीपासून घराण्यात असलेल्या, वारसाने आलेल्या घराला 1 एप्रिल 2001 चं मूल्य आधाराला घेता येतं. त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल घेतला. जुलै 2024 नंतर इंडेक्सेशनसह (महागाईप्रमाणे मूळ मूल्य वाढवून) 20 टक्के किंवा त्याशिवाय 12.5 टक्के, यातलं कमी पडेल ते निवडायची मुभा आम्हाला आहे. सीए दोन्ही मांडून बघताहेत. आत्याने मात्र तिच्या पैशांची मुदत ठेव करून टाकली आणि नातीच्या शिक्षणाला लावली, कोणाला न विचारता.

नोंदणी झाली की फेरफार आपोआप तलाठ्यांकडे जातो, आणि पुन्हा तेच 15 दिवस. नवा सातबारा काका-काकूंच्या नावाने जानेवारीत निघाला. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव लागतो, तो झाला. विजेच्या मीटरचं नाव बदलायचं काम त्यांनी शिमग्यानंतर करू म्हटलंय. तोवर आजोबांच्या नावाचं बिल दर महिन्याला माझ्या मोबाइलवर येतं आणि मी ते काकूंना पुढे पाठवते. मागच्या महिन्यात आलेल्या आकड्यावरून त्यांनी पंप बसवलेला दिसतोय.